डाव्या हाताची खुर्ची

१८ फेब्रुवारी, सोमवार

इशबेलचं पाकीट आलं! तीन महिन्यांनी! नोव्हेंबरात डगलला झटका आला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून समुद्रापलीकडून, ओआमारूहून नुसती पत्रं येत होती, तीही चार-चार ओळींची. चित्र एकही नाही. अकरा वर्षांत असा खंड कधी पडला नव्हता.

आत चिठ्ठी नव्हती. एकच कागद — मीच तिला नाताळात पाठवलेल्या जाड वहीतला. डाव्या बाजूला पेन्सिलीने काढलेली वेताची खुर्ची, मागे व्हरांड्याच्या दोन-तीन रेघा, बाकी सगळं कोरं. रेघ जरा कापरी. म्हटलं दमली असेल बिचारी, नवऱ्याचं करून करून. पण साखळी सोडली नाही पठ्ठीने!

आमच्या चौघांच्या साखळीचा नियम सोपा आहे. चिठ्ठीशिवाय अर्धा कोरा कागद आला की त्यावर आपली भर घालायची आणि दोन दिवसांत पुढच्याला टपालाने पाठवायचा. विचारायचं नाही, परत मागायचं नाही. मी तर तासाभरात उरकलं. खुर्चीत एक पेलिकन बसवला — काळ्या शाईत, चांगला ढेरपोट्या, चोचीवर चष्मा. खाली माझा खेकड्याचा रबरी शिक्का, लाल. आवक-वहीत नेहमीप्रमाणे आलेल्या कागदाची छोटी नक्कल आधीच करून ठेवली होती. दुपारच्या टपालाने कागद मर्व्हकडे, ॲथर्टनला रवाना.

नवऱ्याला आधी दाखवला होता. क्लॅरी म्हणाला, पेलिकन थेट तुझ्या बहिणीसारखा दिसतो. दिसतो खरा!

१९ फेब्रुवारी

सकाळचं चित्र: किटलीचं झाकण. वीस मिनिटं, खोडरबर नाही. झाकण बरं जमलं, मूठ फसली.

२३ फेब्रुवारी

उत्तरेचा वारा. एक्केचाळीस डिग्री. सकाळचं चित्र: क्लॅरीचा बूट. धक्क्यावर तीस वर्षं गव्हाची पोती आणि नंतर धान्याचे फिरते पट्टे सांभाळलेला माणूस, पण बूट काढला की जागेवर ठेवायचा नाही. निदान चित्राला कामी येतो.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

नीट लिहायला हवं.

इशबेलचं पत्र आलं. डगल गेला. नऊ तारखेलाच गेला. चित्र पाकिटात घातलं त्या दिवशी दोन शब्द लिहायचंही बळ नव्हतं, म्हणून पत्र मागून लिहितेय, असं म्हणते.

मग पुढे — देवा रे — पुढे ती खुर्ची. ती इशबेलने काढलेली नाही. डगलने काढली. झटक्यानंतर व्यायाम घ्यायला यायची त्या बाईने त्याला डाव्या हाताने चित्र काढायला सांगितलं होतं. रोज दुपारी व्हरांड्यात बसायचा म्हणे. बाकीची सगळी फाडली, ही एक ठेवली. "अकरा वर्षं आपल्या दोघींची थट्टा करत आला तो, कागद चिकटवणाऱ्या बाया म्हणून. म्हणून वाटलं, आधी तूच बघावंस. बघून झालं की परत पाठव. मुलांना सांगून ठेवलंय. सहा एप्रिलला त्याच्यासाठी सगळे जमणार आहोत, कॅट्रिओना येतेय स्कॉटलंडहून, तेव्हा टेबलावर ठेवायचंय."

आणि मी काय केलं? मेलेल्या माणसाच्या खुर्चीत पेलिकन बसवला! चष्मा लावून!

मर्व्हला लगेच फोन केला. तो आधी हसायला लागला — झकास पेलिकन गं, मी त्याच्या पंखात बियरची बाटली दिली. मी सगळं सांगितलं. मग म्हणाला, "नेरिडा, काल सकाळीच टाकलं मी ते. मकेरेताला."

कालच! पत्र एक दिवस आधी आलं असतं तर! मर्व्ह बिचारा पोस्टात धावत गेला, अर्ध्या तासाने त्याचाच फोन. थैली कालच गेली.

मकेरेता लेवुकाला, बेटावरच्या शाळेत शिकवते. साखळीतला शेवटचा कागद तिच्याकडे जातो आणि ती काय करते ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. चार तुकडे करते, दुमडते, दोऱ्याने शिवून इवलीशी वही करते. फार सुंदर वह्या. गेल्या वर्षी मीच तिला लिहिलं होतं, तुझ्या कात्रीला नमस्कार.

तिचा फोन वाजत राहिला. चार वेळा केला. शेवटी पत्र लिहून सर्वांत जलद टपालाने टाकलं. पाकिटावरच लाल अक्षरात लिहिलं, कापू नकोस.



२७ फेब्रुवारी

लेवुकाचा फोन लागत नाही. तिकडे वादळ आहे म्हणे रेडिओवर.

सकाळचं चित्र: लिंबू. वाईट.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

इशबेलचा फोन आला. मी नुसतं "अगं इशबेल" म्हटलं आणि रडले. तीही रडली. डगलचं शेवटचं सगळं सांगितलं तिने, जेवण जात नव्हतं ते, रात्री पायावर हात फिरवायला लावायचा ते. मी ऐकत होते आणि मनात एकच, आता विचारेल, आता विचारेल.

विचारलंच. "चित्र बघितलंस ना? कशी वाटली खुर्ची?"

मी म्हटलं, बघितली. फार सुंदर आहे.

"जपून ठेवलंयस ना?"

आणि माझ्या तोंडून गेलं — हो, इथेच आहे, कपाटात.

का म्हटलं मी असं? सांगायचं ठरवून फोन घेतला होता. नवरा जाऊन तीन आठवडे झालेल्या बाईला कसं सांगायचं, की तुझ्या माणसाच्या हातची एकुलती एक वस्तू मी पेलिकन काढून पुढे धाडली? त्या क्षणाला जमलं नाही. भित्री आहे मी. त्रेसष्ट वर्षांची भित्री बाई.

क्लॅरी शेजारी टोस्टला लोणी लावत होता. त्याने सगळं ऐकलं. म्हणाला, "उद्या फोन करून सांगून टाक तिला. आज एक दिवसाचं खोटं आहे, फेडता येईल."

उद्या.

१ मार्च

केला नाही फोन.

४ मार्च, सोमवार

हे लिहायची लाज वाटते, पण वहीशी खोटं बोलून काय मिळणार?

माझ्याकडे तोच कागद आहे. इशबेलला पाठवलेल्या वहीची जोडीची वही माझ्या खणात आहे. पेन्सिल मऊ, टू-बी, तीही आहे. आवक-वहीत खुर्चीची छोटी नक्कल आहे. आणि नऊ वर्षं रोज सकाळी एक वस्तू बघून काढतेय, एकदा काढलेली गोष्ट डोळ्यांतून जात नाही. मागचा पाय आखूड होता. वेताची वीण सात ओळी नीट, मग कंटाळून सोडलेली. खुर्चीच्या उजव्या हातावर रेघ दोनदा गेलेली. व्हरांड्याचा खांब वर कागदाच्या बाहेर निघून गेलेला.

आज तीन काढल्या. तिन्ही उजव्या हाताने. रेघ फार शहाणी येते. आजारी माणसाची वाटत नाही.

६ मार्च

डाव्या हाताने सुरुवात केली. अकरा खुर्च्या. एकही खुर्ची नाही, सगळी कोंबडीची खुराडी!

७ मार्च

मकेरेताकडून काही नाही. मर्व्हचा फोन, त्यालाही काही नाही. मर्व्ह म्हणाला, तिने कापलं असेल तर शिवलेली वही तरी परत येईल, तीच दे इशबेलला. चार तुकडे केलेला नवरा पाठवू का तिला, असं मी ओरडले त्याच्यावर. मग माफी मागितली. ती बियरची बाटली काढली म्हणून तोही झोपलेला नाही म्हणे.

१० मार्च, रविवार

डाव्या हाताने चहा ढवळते, डाव्या हाताने दात घासते, बटाटे सोलते. हात आळशी राहू नये म्हणून. क्लॅरी दोन दिवस बघत होता. आज खिम्याची पेस्टी कापताना माझ्या हातून सुरी निसटली तसं त्याने सुरी काढून घेतली आणि विचारलं, काय चाललंय?

सांगितलं. दाखवल्या सगळ्या खुर्च्या. तोपर्यंत चौतीस झाल्या होत्या.

तो कितीतरी वेळ एकेक उचलून बघत राहिला. मला वाटलं आता थट्टा करेल. केली नाही. "हे बरोबर नाही, नेरिडा. तुलाही कळतंय."

कळतंय. पण सहा एप्रिलला टेबलावर काय ठेवेल ती? लेक स्कॉटलंडहून येणार, विचारणार कुठंय बाबांचं चित्र, तेव्हा इशबेलने काय सांगायचं? माझी मैत्रीण वेंधळी आहे म्हणून?

क्लॅरी म्हणाला, हेच सांगायचं. खरं आहे ते.

मी खुर्च्या गोळा करून खणात ठेवल्या.

१४ मार्च, गुरुवार

जमली. एकेचाळिसावी.

काढताना मी काहीतरी विसरले होते, काय ते सांगता येत नाही. नक्कल करतेय हे विसरले बहुतेक. हात आपोआप जात होता. सात ओळींवर वीण सोडली तेव्हा खरंच कंटाळा आला होता. मग बघितलं तर समोर तीच खुर्ची. आवक-वहीशी ताडून पाहिलं. तीच.

आनंद झाला आधी. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला, इतकं चांगलं चित्र माझ्या हातून वर्षात उतरलं नव्हतं. मग किळस आली. कागद उलटा करून ठेवला आणि कपडे वाळत घालायला गेले.

१५ मार्च

टाकलं टपालात. दोन पुठ्ठ्यांमध्ये. सोबत चिठ्ठी: "डगलची खुर्ची परत. सांभाळ." चार शब्द, आणि त्यातही खोटं.

मी परत आले तेव्हा क्लॅरीने माझ्यासाठी चहा करून ठेवला होता. त्यापेक्षा त्याचं बोलणं परवडलं असतं.

१६ ते २५ मार्च

रोजची चित्रं झाली. चमचा, चावी, अर्धा भोपळा, चमचा, खिडकीची कडी. पुढची लिहीत नाही. नुसती झाली.

२७ मार्च, बुधवार

इशबेलचा फोन. पाकीट पोचलं.

"उघडलं," म्हणाली. मग काही बोलली नाही. मी आकडे मोजले, सतरापर्यंत. लाइन तुटली की काय असं वाटत होतं, पण तिचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "नीट पोचलं हं. थँक यू."

एवढंच! खुर्चीबद्दल अक्षर नाही. कॅट्रिओनाचं विमान कधी, केक कुणी करणार, चर्चमधल्या खुर्च्या किती, हे सगळं बोलली. खुर्चीबद्दल नाही.

ओळखलं का तिने? चोराच्या मनात चांदणं. क्लॅरीला विचारलं, तर म्हणतो दुःखात माणसं गप्प होतात, तू मोजत कशाला बसलीस? ओळखलं असतं तर विचारलं नसतं का? इशबेल सरळ बाई आहे. मनात ठेवणारी नाही.

रात्रभर तेच.

३ एप्रिल, बुधवार

लेवुकाहून पाकीट.

उघडायच्या आधी दोन वेळा हात धुतले. आत कागद. अख्खा. कापलेला नाही!

मकेरेता लिहिते: "मावशी, तुमचं पत्र आणि कागद एकाच दिवशी आले, वादळामुळे सगळं टपाल अडकलं होतं. कात्री हातात होती. कागद कुणाचा ते वाचल्यावर शाळेत नेला नाही, आईकडे नेला. आई म्हणाली, गेलेल्या माणसाची खुर्ची उघड्या जमिनीवर ठेवत नाहीत, खाली चटई तरी घाला. म्हणून एवढंच काढलं. रागावू नका."

खुर्चीखाली बारीक विणीची चटई. पेलिकन, बाटली, खेकडा आणि चटई. आणि या सगळ्यांच्या मागे डगलची खरी खुर्ची, डगलचा खरा हात.

माझ्या एकेचाळिसाव्या खुर्चीपेक्षा वाईट आहे ती. आखूड पाय जास्त आखूड आहे. पण खरी आहे. मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

तीन दिवसांत ओआमारूला काहीच पोचणार नाही. शनिवारी टेबलावर माझी खोटी खुर्ची असणार आणि खरी माझ्या स्वयंपाकघरात.

४ एप्रिल

क्लॅरी म्हणतो, आता गप्प बस. "सांगायची वेळ होती तेव्हा मी सांगत होतो, तेव्हा ऐकलं नाहीस. आता तिचं मन थाऱ्यावर आलंय. आता सांगून कुणाचं भलं होणार आहे? तुझं. तुला हलकं वाटावं म्हणून तिला का रडवतेस?"

बरोबर बोलतोय की काय हा माणूस?

५ एप्रिल

सकाळचं चित्र काढलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा. बसले, पेन्सिल घेतली, वीस मिनिटं झाली, उठले.

६ एप्रिल, शनिवार

आज. त्यांच्याकडे अकरा वाजता सुरू होणार होतं. आमच्याकडे तेव्हा साडेआठ. मी धक्क्यावर जाऊन उभी राहिले. चित्र नाही.

९ एप्रिल, मंगळवार

चार दिवस झाले, हात चालत नाही. काहीही बघितलं की वाटतं, हे मी खोटं काढू शकते. झाकण, बूट, लिंबू, काहीही. असल्या हाताचं काय करायचं?

क्लॅरीला सांगितलं, मी पाठवणार. मला हलकं वाटावं म्हणूनही असेल, असू दे. पण खरी खुर्ची तिची आहे. माझ्या कपाटात ती कशी ठेवू? आणि मी मेल्यावर कुणीतरी हा पेलिकनवाला कागद काढून कचऱ्यात टाकणार. तो डगलचा हात आहे.

क्लॅरीने कात्री शोधून आणली. मग म्हणाला, "पुठ्ठा मी कापतो. तू वाकडा कापतेस."

पत्र सहा वेळा लिहिलं. शेवटी सगळं आहे तसं लिहिलं. चिठ्ठी नव्हती म्हणून नियमाने भर घातली. पेलिकन माझा, बाटली मर्व्हची, चटई मकेरेताची, त्या दोघांचा काही दोष नाही. फोनवर खोटं बोलले. टेबलावर होती ती खुर्ची माझी, डाव्या हाताची, एकेचाळिसावी. माफ कर असं लिहिलं नाही. तिने ते करावं असं मी कसं मागू? एवढंच लिहिलं, की तुझ्याशिवाय या अकरा वर्षांत मला कुणी मैत्रीण नव्हती, आणि तरीही मी हे केलं.

टाकलं.

१२ एप्रिल

काही नाही. अजून पोचलंही नसेल.

१६ एप्रिल

पोस्टमनची मोटरसायकल दारावरून तशीच पुढे गेली. चित्र नाही.

१८ एप्रिल, गुरुवार

आज पोचलं असणार. मर्व्हचा फोन, त्याला सांगितलं. तो म्हणाला तिने साखळी सोडली तर मीही सोडेन. म्हटलं, असं करू नकोस, तुझा काय गुन्हा? म्हणाला, बाटली.

क्लॅरी दिवसभर फोनजवळच घुटमळत होता. म्हणे रेडिओ दुरुस्त करतोय. रेडिओ चांगला चालू आहे.

२० एप्रिल

फोन नाही. आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला. दोनदा. आधी चित्र काढून, मग पत्र लिहून. क्लॅरीने एकदाही 'मी सांगत होतो' म्हटलं नाही. त्याबद्दल त्याला आज खेकड्याचं कालवण केलं.

२२ एप्रिल, सोमवार

इशबेलचा फोन आला. म्हणाली, मधे बोलू नकोस, मला एकदाच सांगता येईल.

डगलने पेन्सिल कधी धरलीच नाही. व्यायामवाल्या बाईने दिली तेव्हा अंगणात भिरकावली. तो गेल्यावर मुलांचे फोन यायला लागले, शेवटी बाबा काय करायचे गं, आणि तिला सांगवेना की तीन महिने भिंतीकडे बघत पडून होता, तिच्याशीही बोलत नव्हता. म्हणून सांगितलं, चित्र काढायचा. सांगितल्यावर चित्र हवं. दोन दिवस व्हरांड्यात बसून तिनेच ती खुर्ची काढली. डाव्या हाताने. खरी वाटते का ते बघायला मला पाठवली.

"तुझं पाकीट उघडलं त्याच मिनिटाला कळलं, ही माझी नाही. पण तुला विचारणार कसं?"

मग म्हणाली, कॅट्रिओनाने तुझी ती खुर्ची काच लावून स्कॉटलंडला नेलीय. तुला फोन करणार आहे ती आज. बाबांची रेघ कशी वाटते, ते तुझ्याकडून ऐकायचंय तिला, तू रोज चित्र काढतेस ना. "हो म्हणशील ना, नेरिडा?"

मी हो म्हटलं.